स्ट्रिंग कापायची कुठे? रेजेक्सने स्प्लिट करायला शिकताना

समोर एक ओळ आहे. त्यात चार रंगांची नावं आहेत, पण लिहिणाऱ्याने मनाला येईल तशी लिहिली आहेत:

    लाल, हिरवा;निळा ,पिवळा

कुठे स्वल्पविराम, कुठे अर्धविराम, कुठे चिन्हाआधी मोकळी जागा तर कुठे नंतर. या ओळीतून, म्हणजे कोडच्या भाषेत या स्ट्रिंगमधून, चार नावांचा स्वच्छ ॲरे (क्रमाने लावलेली यादी) हवा आहे. स्ट्रिंगचे तुकडे करणाऱ्या साध्या स्प्लिट फंक्शनला नुसता स्वल्पविराम दिला तर हाती येतं ते असं:

    ["लाल", " हिरवा;निळा ", "पिवळा"]

तीनच तुकडे, आणि मधल्याला दोन्ही बाजूंनी जागा चिकटलेली. इथून पुढे रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे रेजेक्सचं काम सुरू होतं. रेजेक्स म्हणजे मजकुरातल्या नमुन्याचं चिन्हांत लिहिलेलं वर्णन; त्या वर्णनालाच इथे पॅटर्न म्हटलं आहे.

लेखात पॅटर्नमधली चिन्हं जशीच्या तशी दिली आहेत. फंक्शनांची नावं मात्र उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत जातात. जावास्क्रिप्टमध्ये पॅटर्न दोन तिरक्या रेघांमध्ये लिहून स्ट्रिंगच्या स्प्लिट मेथडला द्यायचा. पायथॉनमध्ये स्ट्रिंगची स्वतःची स्प्लिट रेजेक्स ओळखत नाही. आरई नावाचं मॉड्यूल घेऊन त्यातली स्प्लिट वापरावी लागते, आणि तिथे आधी पॅटर्न, मग मजकूर असा क्रम आहे. पीएचपीत प्रेग-स्प्लिट आहे, तिथेही पॅटर्न आधी. जावात स्ट्रिंगची साधी दिसणारी स्प्लिटच मुळात रेजेक्स घेते. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याने पुढे गंमत होणार आहे.

पहिली पायरी: कापायची चिन्हं एका कंसात

चौकटी कंस म्हणजे ‘यातलं कोणतंही एक अक्षर’.

    पॅटर्न : [,;]
    तुकडे : ["लाल", " हिरवा", "निळा ", "पिवळा"]

चार तुकडे झाले. जागा अजून चिकटलेल्या आहेत. त्या जागाही कापण्याच्या चिन्हाचाच भाग आहेत असं सांगून टाकू:

    पॅटर्न : [ ]*[,;][ ]*
    तुकडे : ["लाल", "हिरवा", "निळा", "पिवळा"]

तारा म्हणजे ‘शून्य किंवा कितीही वेळा’, अधिकचं चिन्ह म्हणजे ‘किमान एकदा’. (हा तारा गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९५० च्या दशकात हे सगळं कागदावर मांडलं, आणि १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी मजकूर शोधण्यासाठी ते संगणकावर कसं चालवायचं ते छापून दाखवलं.) जागेसाठी नुसती स्पेस टाकली तरी चालते, पण मी ती मुद्दाम चौकटी कंसात घालतो. उघडी स्पेस डोळ्यांना दिसत नाही आणि सहा महिन्यांनी पॅटर्न वाचताना हमखास निसटते.

इथे एक गोष्ट मनात पक्की करायला हवी, कारण नवशिक्यांचे निम्मे घोटाळे तिथेच होतात. स्प्लिटचा पॅटर्न तुम्हाला काय हवंय ते सांगत नाही, काय टाकून द्यायचंय ते सांगतो. पॅटर्नशी जे जुळेल ते नाहीसं होतं आणि उरलेलं हातात येतं. त्यामुळे पॅटर्न लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मला टाकाऊ भागाचं वर्णन सोपं जातंय की हव्या भागाचं? टाकाऊ भाग सोपा असेल तर स्प्लिट. हवा असलेला भाग सोपा असेल, उदाहरणार्थ ‘मजकुरातले सगळे आकडे’, तर स्प्लिटच्या मागे लागूच नका; जावास्क्रिप्टची मॅच किंवा पायथॉनची फाइंडऑल घ्या.

टिंब आणि उभी रेघ

मी एकदा उभ्या रेघांनी वेगळे केलेले रकाने वाचत होतो. भाषा जावा. स्प्लिटला नुसती उभी रेघ दिली आणि ॲरेत एकेक अक्षर सुटं झालं. अर्धा तास मी फाइलच्या एन्कोडिंगला दोष देत बसलो. खरं कारण एवढंच की रेजेक्समध्ये उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. तिच्या डावीकडे काही नाही, उजवीकडेही काही नाही. म्हणजे पॅटर्नचा अर्थ झाला ‘रिकामं किंवा रिकामं’, आणि रिकामं तर प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये सापडतंच.

टिंबाची गोष्ट याहून मजेशीर आहे. टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. ‘२.१०.४’ ही स्ट्रिंग त्या पॅटर्नने कापली तर सगळी सहा अक्षरं टाकाऊ ठरतात. जावास्क्रिप्ट सात रिकामे तुकडे देतं. जावा शेवटचे रिकामे तुकडे स्वतःहून फेकते, आणि इथे सगळेच रिकामे असल्याने हाती शून्य लांबीचा ॲरे येतो. एरर येत नाही, नुसती शांतता.

उपाय दोन. एक, चिन्हाआधी बॅकस्लॅश: \. किंवा \| असं. पण जावाच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, आणि पायथॉनमध्ये स्ट्रिंगच्या अवतरणाआधी लहान आर लावून ती ‘कच्ची’ करणं शहाणपणाचं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: चिन्ह चौकटी कंसात टाका.

    [.]
    [|]

कंसाच्या आत टिंब, रेघ, तारा, अधिक, प्रश्नचिन्ह यांची जादू संपते; ती साधी चिन्हं होतात. अपवाद थोडे आहेत. बंद होणारा चौकटी कंस आणि बॅकस्लॅश यांच्याआधी बॅकस्लॅश लावा, सुरुवातीचं ^ ‘हे सोडून बाकी सगळं’ असा अर्थ देतं, आणि उणेचं चिन्ह दोन अक्षरांच्या मध्ये आलं तर ‘पासून–पर्यंत’ होतं, म्हणून ते शेवटी ठेवा.

रिकामे तुकडे टाकायचे की ठेवायचे

    मजकूर : लाल,,निळा,
    पॅटर्न : ,
    तुकडे : ["लाल", "", "निळा", ""]

पॅटर्न तीनदा जुळला, तुकडे चार. जितक्या वेळा कात्री चालेल त्याहून एक तुकडा जास्त. हा हिशेब डोक्यात असला की शेवटी आलेला रिकामा तुकडा कोड बिघडल्याचं लक्षण वाटत नाही. शेवटच्या स्वल्पविरामापलीकडे काहीच नव्हतं, तेच त्याने सांगितलं.

पुष्कळ जण इथे लगेच अधिकचं चिन्ह लावतात:

    पॅटर्न : ,+
    तुकडे : ["लाल", "निळा", ""]

मधला रिकामा तुकडा गेला, शेवटचा राहिला. कारण अधिक लागोपाठच्या चिन्हांना एकत्र करतं. टोकाला असलेल्या चिन्हाचं ते काही करू शकत नाही. पूर्ण सफाई हवी तर स्प्लिटनंतर रिकामे तुकडे गाळा: जावास्क्रिप्टमध्ये फिल्टर, पायथॉनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. पीएचपीत त्यासाठी ‘नो एम्प्टी’ नावाचा फ्लॅगच (फंक्शनची वागणूक बदलणारी खूण) आहे.

पण गाळण्याआधी थांबा. मजकूर नुसती यादी असेल, म्हणजे शब्द, टॅग, रंग, तर गाळायला हरकत नाही. तो तक्त्याची ओळ असेल आणि दुसरा रकाना मोकळा असेल, तर तो मोकळेपणा हीच माहिती आहे. तो गाळला की तिसऱ्या रकान्यातलं मूल्य दुसऱ्यात सरकतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. तक्त्यासाठी अधिकचं चिन्ह वापरू नका, असं मी सरळ सांगेन.

भाषांचे स्वभाव इथे वेगळे पडतात. जावा, पर्ल आणि रुबी शेवटचे रिकामे तुकडे विचारल्याशिवाय टाकून देतात. ते हवे असतील तर मर्यादेच्या, म्हणजे जास्तीत जास्त किती तुकडे करायचे त्या आकड्याच्या, जागी ऋण संख्या द्यावी लागते. जावास्क्रिप्ट आणि पायथॉन सगळं ठेवतात. पूर्ण रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामाने कापली तर जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि जावा एक रिकामा तुकडा असलेला ॲरे देतात, रुबी आणि पर्ल मात्र रिकामा ॲरे. म्हणून ‘लांबी शून्य आहे का’ ही तपासणी स्प्लिटनंतर नको, आधी करा.

मर्यादा

कधी फक्त पहिल्याच चिन्हाशी कापायचं असतं. समजा ओळ ‘विषय: वेळ: दहा वाजता’ अशी आहे आणि हवं आहे ते ‘विषय’ आणि ‘वेळ: दहा वाजता’. जावा, पीएचपी, पर्ल, रुबी आणि गो यांना मर्यादा दोन द्या. दोन तुकडे मिळतात आणि दुसऱ्यात उरलेलं सगळं. पायथॉनमध्ये मर्यादा तुकड्यांची नसून कापांची असते, म्हणून तिथे एक. आणि जावास्क्रिप्ट? तिथे मर्यादा दोन दिली की तुकडे दोनच येतात खरे, पण ते ‘विषय’ आणि ‘वेळ’. ‘दहा वाजता’ सरळ फेकलं जातं. याला मी खोडीच म्हणेन. जावास्क्रिप्टमध्ये पहिल्या चिन्हाची जागा इंडेक्सऑफने शोधा आणि स्लाइसने दोन भाग करा.

पायथॉनवाल्यांसाठी एक खड्डा: तिसऱ्या जागी फ्लॅग देऊ नका. तिसरी जागा मर्यादेची आहे. ‘लहान-मोठी अक्षरं सारखी समजा’ हा फ्लॅग आतून २ हा आकडा असल्यामुळे तो तिथे टाकला की फ्लॅग लागत नाही, उलट दोन कापांनंतर कात्री थांबते. फ्लॅग नाव लिहूनच द्या.

विसर्गाचंही इथेच सांगतो. मराठी टंकताना कितीतरी जण विसर्गाच्या जागी कोलन टाकतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण कोलनवर कापलं की ‘दु:ख’चे ‘दु’ आणि ‘ख’ होतात. कोलननंतर किमान एक जागा असलीच पाहिजे अशी अट घातली की बहुतेक वेळा निभावतं:

    :[ ]+

कापलेलं चिन्हही हवं असेल तेव्हा

    मजकूर : १२+७-३
    पॅटर्न : [+-]
    तुकडे : ["१२", "७", "३"]

बेरीज होती की वजाबाकी, ते गेलं. पॅटर्नला साधा गोल कंस घाला:

    पॅटर्न : ([+-])
    तुकडे : ["१२", "+", "७", "-", "३"]

गोल कंसाने पकडलेला भाग ॲरेत परत येतो. जावास्क्रिप्ट, पायथॉन, पर्ल आणि रुबी असंच वागतात. पीएचपीत त्यासाठी फ्लॅग लागतो. जावाच्या नेहमीच्या स्प्लिटमध्ये ही सोय नाही.

सोय आहे तशी अडचणही. पुष्कळदा गोल कंस निव्वळ पर्याय एकत्र बांधायला घातलेला असतो:

    मजकूर : लाल, हिरवा आणि निळा
    पॅटर्न : [ ]*(,|आणि)[ ]*
    तुकडे : ["लाल", ",", "हिरवा", "आणि", "निळा"]

स्वल्पविराम आणि ‘आणि’ नको असताना ॲरेत घुसले. कंस उघडल्यावर लगेच प्रश्नचिन्ह आणि कोलन लिहिलं की तो फक्त बांधतो, पकडत नाही:

    (?:[ ]*,[ ]*|[ ]+आणि[ ]+)

यात आणखी एक बदल केलाय. ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना जागा सक्तीची केली, नाहीतर ‘आणिक’ हा शब्दही मधून तुटला असता. पकडणारे दोन वेगळे कंस पर्याय म्हणून ठेवलेत तर, ज्या कंसाशी काही जुळलं नाही त्याच्या जागी पायथॉन ‘नन’ आणि जावास्क्रिप्ट ‘अनडिफाइन्ड’ भरतं. पुढे त्या ॲरेतल्या प्रत्येक तुकड्याची लांबी मोजायला गेलात की कोड तिथेच कोसळतं.

कधी चिन्ह सुटं नको असतं, आधीच्या तुकड्यालाच चिकटून हवं असतं. वाक्यं वेगळी करताना पूर्णविराम वाक्यापाशीच राहायला हवा. त्यासाठी मागे वळून पाहणारा पॅटर्न असतो, लुकबिहाइंड:

    मजकूर : पाऊस आला. छत्री कुठे? सापडली!
    पॅटर्न : (?<=[.?!।])[ ]+
    तुकडे : ["पाऊस आला.", "छत्री कुठे?", "सापडली!"]

अर्थ असा: जागेवर काप, पण त्या जागेच्या लगेच आधी यातलं एखादं चिन्ह असेल तरच. चिन्ह पाहिलं जातं, खाल्लं जात नाही. ‘डॉ.’नंतरही हे कापणारच. संक्षेप आणि वाक्याचा शेवट यांतला फरक या पॅटर्नला कळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये लुकबिहाइंड २०१८ च्या आवृत्तीत आलं आणि सफारी ब्राउझरमध्ये २०२३ मध्ये, त्यामुळे जुनी उपकरणं सांभाळायची असतील तर जपून. गो भाषेच्या रेजेक्समध्ये ते नाहीच.

देवनागरी मजकूर

इंग्रजीतल्या बहुतेक धड्यांमध्ये शब्द वेगळे करायला ‘बॅकस्लॅश आणि मोठा डब्ल्यू’ सांगतात: शब्दातलं अक्षर नसलेलं काहीही. मराठी मजकुरावर तो लावून बघाच. ‘मराठी भाषा’ पायथॉनमध्ये या पॅटर्नने, पुढे अधिकचं चिन्ह लावून कापलं तर येतं ते असं:

    ["मर", "ठ", "भ", "ष", ""]

काना आणि वेलांटी गायब. पायथॉनचं आरई मॉड्यूल स्वरचिन्हांना शब्दातलं अक्षर मानत नाही. त्याच्या लेखी ती टाकाऊ. जावास्क्रिप्टमध्ये तर या चिन्हाच्या लेखी फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर हेच शब्दातले, म्हणून अख्खा मजकूर टाकाऊ ठरतो आणि दोन रिकाम्या तुकड्यांचा ॲरे उरतो.

यावर माझा उपाय साधा आहे: कापणारी चिन्हं स्वतः मोजून लिहा.

    [ ,.?!;:।]+

याउलट ‘देवनागरी सोडून बाकी सगळं कापा’ असंही करता येतं. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे. पण त्यात दोन खोचा आहेत. दंड, म्हणजे ‘।’, त्या पट्ट्याच्या आतच आहे, त्यामुळे तो शब्दाला चिकटून राहतो. आणि काही जुन्या कीबोर्डांवरून टंकलेल्या ‘र्‍य’, ‘र्‍ह’मध्ये २००डी हे न दिसणारं जोडणारं चिन्ह असतं, ते पट्ट्याच्या बाहेर आहे, म्हणून शब्द बरोबर तिथेच तुटतो. न दिसणाऱ्या चिन्हावर तुटलेला शब्द शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

अंकांचंही तसंच. ‘बॅकस्लॅश आणि लहान डी’ म्हणजे अंक, पण पायथॉनला त्यात ०-९ आणि 0-9 दोन्ही दिसतात, जावास्क्रिप्टला फक्त दुसरे. दोन्ही हवे असतील तर स्पष्ट लिहा:

    [0-9०-९]+

जागेच्या ‘बॅकस्लॅश आणि लहान एस’चा एक फायदा आहे: टॅब आणि नवी ओळ दोन्ही त्यात येतात. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात ‘न तुटणारी जागा’ नावाचं वेगळंच अक्षर असतं, दिसायला अगदी स्पेस. जावास्क्रिप्ट आणि पायथॉन तिला लहान एसमध्ये धरतात, जावा मुळात धरत नाही. नुसती स्पेस देऊन कापलं आणि दोन शब्द एकत्रच राहिले, तर संशय आधी तिच्यावर घ्या.

अक्षर-अक्षर सुटं करायला रिकामा पॅटर्न देण्याची पद्धत आहे. ‘मराठी’चे जावास्क्रिप्टमध्ये त्याने पाच तुकडे होतात: म, र, काना, ठ, वेलांटी. वाचणाऱ्याला हवी असतात ती तीन: म, रा, ठी. तिथे हे काम इंटल-सेगमेंटरचं, स्प्लिटचं नव्हे. रिकाम्या स्ट्रिंगने कापलं तर इमोजीचेही दोन निरुपयोगी अर्धे होतात. जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत घेतला, त्यामुळे ‘क्ष’ एक मोजला जाईल की दोन, हे तुमच्या यंत्रावरची आवृत्ती किती नवी आहे त्यावर ठरतं.

अवतरणातला स्वल्पविराम

    लाल,"हिरवा, गडद",निळा

इथे दुसरा स्वल्पविराम कापायचा नाही. त्यासाठी इंटरनेटवर फिरणारा पॅटर्न असा दिसतो:

    ,(?=(?:[^"]*"[^"]*")*[^"]*$)

पुढे उरलेल्या मजकुरात अवतरण चिन्हं सम संख्येत असतील तरच काप, असा त्याचा अर्थ. चालतो. पण प्रत्येक स्वल्पविरामाला ओळीच्या शेवटापर्यंत धावावं लागतं, आणि रकान्याच्या आत नवी ओळ असली तर तुम्ही फाइलच्या ओळी आधीच चुकीच्या जागी कापलेल्या असतात. अशा स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या फाइलींना सीएसव्ही म्हणतात; त्यांचे नेहमीचे नियम २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहिलेले आहेत आणि ते पाळणारी तयार लायब्ररी जवळजवळ प्रत्येक भाषेत आहे. ती वापरा.

संथ कात्री

सुरुवातीचा आपला देखणा पॅटर्न आठवतो? [ ]*[,;][ ]* हा. मजकुरात लागोपाठ २०,००० जागा आल्या आणि पुढे स्वल्पविराम नसलाच तर काय होईल? रेजेक्स चालवणारं इंजिन पहिल्या जागेपासून शेवटापर्यंत जाईल, स्वल्पविराम नाही म्हणून परत येईल, दुसऱ्या जागेपासून पुन्हा निघेल. हिशेब सुमारे २० कोटी तपासण्यांवर जातो. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली ती अशाच प्रकाराने: ओळीच्या टोकांच्या जागा छाटणारा एक पॅटर्न आणि समोर सुमारे २०,००० जागा असलेला मजकूर. गोचं इंजिन थॉम्पसन यांच्या पद्धतीच्या वळणाचं असल्याने जुळणी शोधताना असं अडकत नाही. जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि जावाचं नेहमीचं इंजिन अडकू शकतं.

म्हणून मजकूर बाहेरच्या लोकांकडून येणार असेल तर मी तो देखणा पॅटर्न सोडून देतो. नुसत्या [,;] वर कापतो आणि मग प्रत्येक तुकड्याला ट्रिम लावतो (पायथॉनमध्ये स्ट्रिप). एक ओळ वाढते, पण त्यात आणखी एक काम होऊन जातं: पूर्ण ओळीच्या दोन टोकांना असलेल्या जागाही निघतात. त्या देखण्या पॅटर्नला काढता येतच नव्हत्या, कारण तिथे स्वल्पविराम नव्हता.

पॅटर्न तयार झाला की तो या सात मजकुरांवर चालवून बघा: रिकामी स्ट्रिंग, एकही चिन्ह नसलेला शब्द, नुसतं एक चिन्ह, चिन्हाने सुरू होणारी ओळ, चिन्हाने संपणारी ओळ, लागोपाठ दोन चिन्हं, आणि काना-वेलांट्या असलेला मराठी मजकूर. ॲरे छापताना तुकडे अवतरणांसकट आणि शेजारी लांबी छापा. नुसते तुकडे छापले तर टोकाची जागा आणि रिकामा तुकडा दोन्ही दिसत नाहीत.